दप्तरातील काटकसर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बेळगावातले एक लोखंडी सामानाचे दुकानदार माझ्याकडे एका नोटिशीच्या कामी आले. ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून ते माल उचलीत, त्याने दोन-अडीच वर्षांमागची बाकी येणे असल्याचे कळविले होते. यांचे म्हणणे असे की ती रक्कम रोख चुकती केली आहे आणि प्रत्येक भरण्याची पावती आपल्यापाशी आहे. “एक चिटोरंसुद्धा टाकलो नाही, वकीलसाहेब. सगळं जपून ठेवलोय बघा,” असे म्हणत त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. पावत्या निघाल्या खऱ्या, पण त्या कोऱ्या होत्या. यंत्रातून उष्णतेने छापून निघणाऱ्या त्या गुळगुळीत चिठ्ठ्यांवरची अक्षरे दुकानाच्या पत्र्याखाली दोन उन्हाळ्यांत उडून गेली होती. पूर्वी त्यांच्या दुकानात कीर्द लिहिली जाई आणि भरण्यावर समोरच्याची सहीही घेतली जाई; परंतु वही, शाई आणि लिहिणाऱ्याचा अर्धा तास हा सारा नाहक खर्च आहे असे ठरवून त्यांनी काही वर्षांपूर्वी ती रीत बंद केली होती.

त्याच पिशवीच्या तळाशी, त्यांच्या घरच्या इतर कागदांबरोबर, त्यांच्या आजोबांची एक वही आली होती. शके १८५७ ची, म्हणजे इसवी सन १९३५ ची. मी ती उघडली, तो नोंदी काल लिहिल्याप्रमाणे काळ्याभोर. आजोबा काही उधळे नव्हते. वहीचे वेष्टन जुन्या धोतराच्या तुकड्याचे होते. पानांवर आखणी नव्हती, घड्या घालून सळ पाडले होते आणि त्या सळांनाच रकाने मानले होते. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. नातवाने काटकसर केली, तशी आजोबांनीही केली होती. पण एकाच्या काटकसरीने त्याला अर्धी रक्कम दुसऱ्यांदा भरावयास लावून तडजोड करावी लागली, आणि दुसऱ्याचा एकेक आणा नव्वद वर्षांनंतरही साक्ष देण्यास उभा आहे. हा फरक कशाने पडला, याचा विचार करू लागलो, तेव्हा आपल्या जुन्या दप्तरांचा इतिहास मनासमोर उभा राहिला. कारण ज्या काळी कागद हाताने होई आणि शाई घरी खलावी लागे, त्या काळी लेखनसामग्रीची काटकसर हा प्रत्येक पेढीचा, प्रत्येक कचेरीचा नित्याचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी बरेच विचारपूर्वक दिले होते.

प्रथम कागदाकडे पाहू. मराठी मुलखात जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही नावेच त्या व्यवसायाची आठवण देतात. ताग, जुने दोर, गोणपाट, चिंध्या, रद्दी असे जे टाकाऊ, ते कुटून, धुऊन, त्याचा लगदा करून कागदी लोक त्याचे ताव काढीत. मग त्यांना खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. म्हणजे कागदाचा जन्मच टाकाऊपासून, आणि लिहून झालेला निरुपयोगी कागद पुन्हा लगद्याच्या हौदात. इतक्या मेहनतीने होणारी वस्तू कोणी उधळीत नसे. ‘पाठकोरा’ हा शब्द आपल्या भाषेत आहे, हीच त्याची साक्ष. ज्याची एक बाजू लिहिलेली आणि पाठ कोरी, त्या कागदास स्वतंत्र नाव देणारा समाज त्या कोऱ्या पाठीचे मोल जाणत होता हे उघड आहे.

लेखणीचेही तसेच. बोरू झिजला की चाकूने पुन्हा टोक काढावयाचे. वीतभर बोरू चिमटीत धरवेनासा होईपर्यंत चाले. ओली अक्षरे सुकविण्यासाठी त्यांवर बारीक वाळू टाकीत आणि झटकून पुन्हा डबीत भरीत. जुन्या कागदांची घडी उलगडताना त्या वाळूचे कण आजही बोटांना लागतात आणि उजेडात चमकतात. कच्चे हिशेब कागदावर नसतच. ते धूळपाटीवर किंवा तोंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ज्याला पाठ, त्याला हिशेबापुरता कागद कशाला हवा? पोरवयातले ते पाठांतर म्हणजे पुढच्या साऱ्या आयुष्यातील कागदाची बचत होती.

याहून मोठी बचत लिपीने केली. मोडी लिहिणारा कारकून आधी तावाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढी आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली अक्षरांची माळ गुंफीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा काच नाही, शब्दाशब्दांत मोकळी जागा नाही. नित्य येणाऱ्या शब्दांची अक्षरे तोडून पुढे दोन दंड दिले की काम भागे: मुक्कामास ‘मु॥’, परगण्यास ‘प॥’. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक तर नुसत्या उभ्या रेघांनी दाखवीत. वेळ, शाई आणि कागद या तिन्हींची बचत एकाच युक्तीने होत असे. अशी ही लिपी १९५० च्या सुमारास शाळांतून गेली आणि आज ती वाचणारे थोडे उरले, ही गोष्ट निराळी.

इथवर वाचून कोणास वाटेल की जुने लोक केवळ कृपण होते. तसे नव्हते. कोठे आखडते घ्यावयाचे आणि कोठे सढळ हात ठेवावयाचा, याची त्यांची समज पक्की होती. या समजेचा सर्वांत स्पष्ट लेख सतराव्या शतकातला आहे, आणि तोही एका संन्यस्ताचा. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. मोक्षमार्ग सांगणारा ग्रंथकर्ता तेथे एखाद्या दक्ष दप्तरदाराप्रमाणे बोलतो. बोरू देशोदेशींचे जमवावेत, चाकू-कातरी जवळ असावी, पोथीसाठी मेणकापड, पेटी, कुलूप असावे. आणि यापुढे दोन गोष्टी तो सांगतो, त्या माझ्या मते काटकसरीच्या शास्त्रातील मुख्य सूत्रे आहेत. एक, कागदाच्या चारी बाजूंस जागा सोडून मध्येच लिहावे. म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. दुसरी, तरुणपणी दृष्टी चांगली म्हणून फार बारीक लिहू नये. म्हातारपणी तेच आपणास वाचवणार नाही, म्हणून मध्यम अक्षराची सवय करावी. कागद महाग असता समास मोकळा सोडा आणि अक्षर फार बारीक करू नका असे सांगणे, हे वरवर पाहता उधळपट्टीचे सांगणे आहे. पण समर्थांनी हिशेब आजच्या तावाचा केला नाही. पन्नास वर्षांनी तो ताव हाती घेणाऱ्याचा केला.

राज्यकारभारातही हीच दृष्टी होती. शिवकालात सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग आहेत आणि त्यांत दुर्ग, शस्त्र, चतुरंग यांच्या जोडीने एक स्वतंत्र लेखनवर्ग आहे. १६७० नंतरच्या दशकात चिपळूणच्या छावणीस गेलेले महाराजांचे पत्र मराठी वाचकांस ठाऊक आहेच. दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात उपासमार होईल; दिवे जळते ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल. वातीचे तेल किती वाचले हा त्या पत्राचा विषय नाही; वातीपायी काय जळेल हा आहे. खर्चाकडे पाहण्याची ही रीत आहे.

पेशवाईच्या दप्तरातील एक परिपाठ मला वकील म्हणून विशेष मोलाचा वाटतो. एखाद्यास जमीन इनाम दिली, की केवळ त्यालाच सनद देऊन भागत नसे. त्या प्रांताच्या अधिकाऱ्यास एक पत्र, देशमुख-देशपांड्यांस एक, गावच्या मोकदमास एक, अशी निरनिराळी पत्रे निघत. एकाच गोष्टीसाठी चार ताव! आजचा कोणी खर्चकपात करणारा व्यवस्थापक तीन पत्रे आधी काढून टाकील. परंतु घरास आग लागून इनामदाराची सनद जळाली, तर मोकदमाच्या घरी तिची साक्ष राही; मोकदम फितला, तर देशपांड्याचे दप्तर बोले. आणि हेच दप्तर दुसऱ्या बाजूने किती जपून वागे, ते त्या पत्रांच्या शेवटच्या ठरीव मजकुरात दिसते. दरवर्षी नव्या पत्राचा आक्षेप घेऊ नये. या पत्राची नक्कल लिहून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी धन्यास परत द्यावे. एकदा चार पत्रे द्या, पण दरसाल पाचवे मागू नका. आपल्या आजच्या कचेऱ्यांतून तोच दाखला दरवर्षी ‘ताजा’ मागितला जातो, तेव्हा दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या या वाक्याची मला आठवण होते.

हे दप्तर जेव्हा सैल झाले, तेव्हा काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. नाना फडणिसांच्या काळापर्यंत हुजूर दप्तरात रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांची शिस्त होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत (१७९६ ते १८१८) ती शिस्त मोडली. कागद लोकांनी घरी नेले, नोंदी राहिल्या, असे दप्तर ताब्यात घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. या आबाळीची किंमत कोणी भरली? १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दख्खन, खानदेश व आमचा हा दक्षिण महाराष्ट्र येथील इनामदारांस आपल्या हक्काचे कागद हजर करण्याचे फर्मान सुटले. पिढ्यान्‌पिढ्या भोगवटा असलेली माणसे माळ्यावरची गाठोडी सोडू लागली. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, ज्यांच्या कागदांची पूर्वी कोणी किंमत केली नव्हती, त्यांना भोगवट्याची शपथ फारशी तारू शकली नाही. कित्येकांच्या जमिनी खालसा झाल्या. एका रुमालाची, एका पेटीची, वर्षातून एकदा कागदांना ऊन दाखविण्याची काटकसर केलेल्या घराण्यांनी शेते गमावली. कमिशनच्या तपासणीत पुण्याचे पेशवे दप्तरही साक्षीस होते. पुढे त्याच दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसायांनी पंचेचाळीस खंड निवडून काढले आणि आपला इतिहास आपल्या हाती आला. सरदेसायांची उमेद बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली होती, हे या मासिकाच्या बडोदेकर वाचकांस सांगावयास नको.

आता शाईविषयी थोडे, कारण खरी मेख तेथे आहे. आपली जुनी शाई काजळाची. दिव्याचे काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी. खर्च नगण्य, पण खल मात्र तासन्‌तास. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला ना ऊन उडवू शकते ना काळ. तिचा दोष एवढाच की पाण्याने ती धुतली जाते, आणि लबाड मनुष्य त्याचा फायदा घेऊ शकतो. युरोपातील शाई निराळी. तेथे मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली लोहयुक्त शाई चाले. ती कागदाच्या अंगात मुरते, धुऊन निघत नाही, म्हणून कायद्याच्या कागदांस तीच पसंत. पण हिराकसाचे प्रमाण चुकले तर तीच शाई पुढे कागदाला खाते आणि अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. गोव्यात १५९५ साली पोर्तुगीजांनी दप्तरखाना स्थापिला आणि दिओगु द कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक झाला. त्या संग्रहात पोर्तुगीज कागद आहेत आणि मराठी मोडी कागदही आहेत. दोन शायांच्या दोन स्वभावांची परीक्षा आमच्या कोकणच्या दमट हवेने एकाच छपराखाली घेतली आहे.

कागदाचीही अशीच परीक्षा एकोणिसाव्या शतकाने घेतली. यंत्राचा कागद आला. तो पांढरा, एकसारखा आणि स्वस्त. पुण्याजवळ मुंढव्यास १८८५ साली डेक्कन पेपर मिल निघाली. कचेऱ्यांनी आणि पेढ्यांनी हातकागद सोडला, कागदीपुऱ्यातले हौद कोरडे पडू लागले. लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेची खळ दिलेला कागद आपल्याच अंगच्या आम्लाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो, हे लोकांस फार उशिरा कळले. माझ्या कपाटात १९२० च्या आसपासची काही कायद्याची पुस्तके आहेत. पान उलटले की कोपरा हातात येतो. त्याच कपाटात एका पक्षकाराने अभ्यासासाठी दिलेला अठराव्या शतकातला जुन्नरी कागद आहे. तो मी निर्धास्तपणे उलगडतो आणि घडी घालतो. ज्याची किंमत कमी, तो स्वस्त, ही समजूत या दोन कागदांनी माझ्यापुरती तरी खोटी ठरविली आहे.

कायद्याने या विषयात आपली भर घातलीच आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने दोन तत्त्वे घालून दिली. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, मात्र तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. आणि तीस वर्षांचा दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असता तो खरा असल्याचे गृहीत धरता येते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण ही तत्त्वे नव्या कायद्यातही कायम आहेत. ‘नियमितपणे’ हा शब्द ध्यानात घ्यावा. चार महिन्यांनी एकदम बसून लिहिलेली वही कागद तेवढाच खाते आणि कोर्टात काडीची कामास येत नाही. मुद्रांकाचेही असेच. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या ३५ व्या कलमाने पुरेसा मुद्रांक नसलेला दस्तऐवज पुराव्यात येत नाही. बहुतेक दस्तऐवजांना दंड भरून तरणोपाय आहे, परंतु वचनचिठ्ठीस आणि हुंडीस तोही नाही. तिकिटाचे किरकोळ पैसे वाचवून हजारोंच्या वचनचिठ्ठ्या ज्यांनी रद्दी केल्या, असे शहाणे प्रत्येक वकिलाने पाहिले आहेत.

या प्रकरणी आमच्याच धंद्यातल्या एका थोर माणसाचे उदाहरण देण्यासारखे आहे. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर लिहिणारे गांधीजी सर्वांस माहीत आहेत. परंतु १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाल्यावर त्याच गांधीजींनी प्रत्येक वर्गणीची पावती देण्याचा आणि पै-पैचा हिशेब वहीत ठेवण्याचा कटाक्ष राखला होता. चोख हिशेबावाचून सत्य शुद्ध राहत नाही, या अर्थाचे त्यांनी आत्मकथेत लिहिले असून, त्या वर्षीच्या वह्या अजूनही शाबूत सापडतील असा विश्वास प्रकट केला आहे. पाठकोऱ्यावर टिपण आणि चांगल्या वहीत हिशेब: यात विसंगती नाही. टिपणाचे आयुष्य एका दिवसाचे आणि हिशेबाचे पिढ्यांचे, हे ओळखून प्रत्येकास त्याच्या आयुष्याच्या मानाने कागद देणे, एवढीच ती गोष्ट आहे.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या लहान व्यापाऱ्यांस मी आता एकच प्रश्न विचारण्यास सांगतो: हा कागद किती दिवस जगावयास हवा? बाजाराची यादी, तोंडी हिशेबाचा ताळा, पत्राचा मसुदा ही संध्याकाळपर्यंत जगली तरी पुरे. त्यांस पाठकोरा कागद, जुन्या पाकिटाची उलटी बाजू, काय वाटेल ते चालेल. तेथे जितकी करवेल तितकी बचत करावी. पण ज्यावर पैसा, जमीन किंवा अब्रू अवलंबून आहे, तो कागद वेगळा. वस्तू व सेवा कराच्या कायद्याने तर हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून बहात्तर महिने ठेवावे लागतात. उष्णतेने छापलेली चिठ्ठी त्यातली अर्धी वाटही चालत नाही. ती आली त्याच दिवशी तिची साधी छायाप्रत काढावी, नोंद कीर्दीत घ्यावी, आणि रोख भरणा असेल तर समोरच्याची सही घ्यावी. वर्षाचा हा सारा खर्च माझ्या एका नोटिशीच्या उत्तरापेक्षा कमी येतो, हे सांगताना माझेच नुकसान होते, पण ते असो.

आमचे ते दुकानदार तडजोडीनंतर महिनाभर माझ्यावर किंचित रुसले होते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मला त्यांच्या दुकानी बोलावणे आले. पाटावर लाल कापडात बांधलेली, शिवलेली नवी वही होती. फुले-अक्षता वाहून झाल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे उघडून धरली. पानाच्या चारी बाजूंस जागा सोडली होती आणि अक्षर ना बारीक ना मोठे. पहिलीच नोंद त्या वहीच्या किमतीची होती.